करंजी घाटापलीकडची मोजणी

भिंगारमधल्या माझ्या खोलीवरून सकाळी साडेसहाला निघाले, तेव्हा घरमालकांच्या कुत्र्याखेरीज कुणी जागं नव्हतं. पाठीवर सॅक, हातात लांबोडकी पिशवी. पिशवीत रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं जागेचा नेमका बिंदू सांगणारं मोजणीचं यंत्र आणि त्याची काठी. माळीवाड्याच्या स्टँडवर कंडक्टरनं पिशवीकडे बघून, मासे धरायला निघालात का, असं हसत विचारलं. जमीन मोजायला चाललेय म्हटल्यावर त्यानं गप्प होऊन तिकीट फाडलं. मोजणीवाल्यांशी लोक असंच जपून बोलतात. बहुतेकांचा कुठे ना कुठे बांधाचा वाद चालू असतो.

मी कोल्हापूरकडची. सरकारी भूकरमापक म्हणून बदली होऊन नगरला आले, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तिकडे बघण्यासारखं काय आहे, असं घरून सारखं विचारतात. त्यांच्यासाठी करंजी घाटाबद्दल लिहिते. गाडी वळणं घेत वर चढते आणि दोन्ही अंगांना गर्भगिरीचे डोंगर दिसू लागतात. दिवाळी होऊन गेलेली, गवत वाळून पिवळं पडलेलं. उतारावर मेंढ्या, मेंढ्यांमागे खांद्यावर घोंगडी टाकलेला एखादाच माणूस. समोरून मात्र ट्रकवर ट्रक येत होते. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलेली माणसं. ऊसतोडीला निघालेली गावंच्या गावं ती. मी त्यांच्या गावाकडे चालले होते आणि ती गाव सोडून येत होती.

पाथर्डीहून वडापच्या जीपनं गावात पोचले. कोर्टातलं प्रकरण असल्यानं गावाचं नाव लिहीत नाही. दहातल्या सात घरांना कुलूप. शाळेच्या पडवीत दोन म्हातारे बसले होते. आसारामचं शेत कुठे, असं विचारलं तर दोघांनी दोन दिशांना हात केले. वाटा दोन होत्या एवढंच, शेत एकच.

प्रकरण दोन भावांचं. थोरला आसाराम, धाकटा गहिनीनाथ. वाटणी बापाच्या हयातीतच झालेली, पण मधल्या हद्दीपाशी एक विहीर आहे आणि ती कुणाच्या हिश्श्यात पडते यावर दावा लागला होता. त्या पट्ट्यात उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकणारी तेवढी एकच विहीर. ती ज्याची ठरेल त्याला वर्षभर गावात राहता येणार होतं. दुसऱ्याला कोयता घेऊन बाहेर पडण्यावाचून इलाज नव्हता. सध्या विहीर आसाराम वापरत होता आणि गहिनीनाथ बायकोला घेऊन कोपरगावला तोडीवर होता.

त्याच्या घरावर मोजणीची नोटीस चिकटवली होती, खाली कुलूप. मोजणीची तारीख आसारामच्या वकिलांनी नेमकी तोडीच्या हंगामात मागून घेतलेली. एवढ्यात गहिनीनाथच्या वकिलांचा फोन आला. शेतात पाऊल टाकलंत तर बघून घेईन, असं म्हणाले. कोर्टातून स्थगिती आणा, मी लगेच थांबते, असं मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला. स्थगिती काही आली नाही.

आसारामचे वकील पांढऱ्या गाडीतून आले आणि बांधापर्यंत येऊन गाडीतच बसून राहिले. मला खिडकीपाशी बोलावून म्हणाले, विहिरीजवळच्या बाभळीपासून मोजायला सुरुवात करा, वहिवाट तिथूनच आहे. मी जुनं टिपण (पहिल्या मोजणीच्या वेळी लिहून ठेवलेल्या मापांचा कागद) दाखवून म्हटलं, यात हद्दीचा दगड आहे, आधी तो सापडायला हवा.

"मॅडम, तुम्ही फक्त मोजा," ते म्हणाले. "कायदा मी बघतो."

तासभर दगड शोधला. शिपाई रजेवर, त्यामुळे मी एकटीच. दुपारी लिंबाखाली डबा उघडला. आसारामच्या बायकोनं हुलग्याचे शेंगोळे (कुळथाच्या पिठाची वळून शिजवलेली, झणझणीत रश्शातली कडबोळी) आणून ठेवले आणि मला नाही म्हणावं लागलं. एका बाजूचं पाणी घेतलं तरी दुसरी बाजू तक्रारीचा अर्ज करते. ती ताट उचलून घेऊन गेली. वास मात्र मागे राहिला. माझ्या डब्यात सकाळचे पोहे होते, घट्ट झालेले.

वकील गाडीत डुलकी काढत होते, तेव्हा आसाराम आला. पन्नाशी ओलांडलेला, हडकुळा. पुढे चालू लागला, मी मागे. ओढ्याकडेच्या घाणेरीच्या झुडपात त्यानं काठीनं काटेरी फांद्या बाजूला केल्या. तिथे दगड होता, घडवलेला, माथ्यावर फुलीची खूण.

यंत्र लावलं. दगडापासून टिपणातली मापं धरत गेले, तसं पुढचं दिसू लागलं. विहीर गहिनीनाथच्या हिश्श्यात पडत होती, चांगली पाच पावलं आत. मी आसारामकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. बहुधा आधीपासूनच ठाऊक होतं.

"मोजनी लागली की त्यो यील असं वाटलं हुतं," तो म्हणाला. "सा वर्सं झाली, बोलत न्हाई. वकिलानं तारीक ही अशी घेतली."

मग तो हळूच म्हणाला, "तुमी तिकडं गेलाच कवा, तर सांगा त्याला. दगड म्या दावला."

ते माझं काम नाही, असं मी सांगितलं. वकिलांनी नकाशाकडे पाहिलं आणि पंचनाम्यावर सही करायला नकार दिला. आसारामनं केली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दुसऱ्या कामासाठी मला कोपरगावलाच जायचं होतं, हा योगायोग. राहुरी मागे पडली की हळूहळू रंग बदलतो. शिर्डीत भाविक उतरून गाडी अर्धी रिकामी झाली आणि पुढे दोन्हीकडे ऊस. आमच्या पंचगंगेकाठची आठवण यावी असा. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला घरी फोन करावासा वाटला. केला, तर आई लग्नाला गेली होती.

कालव्याच्या मोजणीचं ते काम दुपारी आटोपलं. परतीच्या गाडीला दोन तास होते. गहिनीनाथच्या टोळीच्या मुकादमाचं नाव आसारामनं सांगितलेलं. मी विचारत विचारत कोप्यांपाशी गेले. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाचं आणि प्लास्टिकचं, वाकून शिरायचं झोपडं. अशा तीसेक कोप्या ओळीनं. गहिनीनाथ टायरगाडीपाशी बैलांना वाढे (उसाचे शेंडे) टाकत होता. अगदी आसारामसारखा चेहरा, फक्त दहा वर्षांनी लहान.

मी कोण ते सांगितलं. त्यानं हातातले वाढे खाली ठेवले. मोजणीवाल्यांशी एक शब्द बोलू नको असं वकिलानं सांगितलंय, असं तो सरळपणे म्हणाला. त्याच्या बायकोनं चहाचं विचारलं, त्यानं तिला नजरेनं थांबवलं. मीही नकोच म्हणणार होते.

विहीर त्याची आहे हे माझ्या सॅकमधल्या कागदावर होतं. पण नकाशा कोर्टात जाण्याआधी ते सांगण्याचा मला अधिकार नव्हता. मी एवढंच म्हटलं, "दगड तुमच्या भावानं दाखवला. त्यांनी सांगायला सांगितलंय."

त्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"मंग त्यो सोता का न्हाई आला?" त्यानं विचारलं. "येका दिसात यिऊन जाता येतं."

मी निघाले.

नगरची गाडी संध्याकाळी मिळाली. शेजारच्या बाईंनी शिर्डीचा प्रसाद दिला, तुम्ही कुठल्या असं विचारलं. मी भिंगार म्हटलं. कोल्हापूर म्हणायला हवं होतं, पण मग बरंच सांगावं लागलं असतं. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. इतकी शेतं मोजली, पण जिथे कुणी मला ये म्हणेल अशी एकही जागा मला त्या जिल्ह्यात ठाऊक नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. मी कोप्यांवर जाऊन प्रतिवादीला भेटले, हे आसारामच्या वकिलांना समजलं. त्यांनी हरकत घेतली. गहिनीनाथच्या वकिलांनीही मोजणी एकतर्फी म्हणून हरकत घेतली, नकाशा त्यांच्याच अशिलाच्या बाजूचा असताना. तो त्यांनी उघडून बघितला नसावा. दोन्ही वकिलांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. माझी मोजणी रद्द झाली, माझ्याकडून लेखी खुलासा घेतला गेला, आणि फेरमोजणी दुसऱ्या भूकरमापकाकडे गेली.

तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. वैशाखात जाऊन आला. रेष तिथेच आली, विहीर गहिनीनाथची. तोडीचा हंगाम संपला होता, दोघं भाऊ हजर होते, दोघांनी सह्या केल्या. वकील कुणाचेच आले नव्हते.

मी विचारलं, एकमेकांशी बोलले का ते?

त्यानं आठवून पाहिलं. "नाही बुवा, माझं लक्ष नव्हतं," तो म्हणाला. "मी यंत्रात बघत होतो."

संध्याकाळी चालत भिंगारला आले आणि खोलीचं दार उघडण्याआधी पायरीवर बसून आईला फोन लावला. या वेळी तिनं उचलला. काय झालं गं, असं ती दोनदा म्हणाली. काही नाही, म्हटलं, सहज केला.