स्टोकर मेसमधली भांडी

पोस्टिंगचा सिग्नल आला तेव्हा मी रजेवर गावी, वलवणला होतो आणि आईच्या हुकमावरून गोठ्याच्या पत्र्यावर चढलो होतो. नौदलात डायव्हर, नोकरीचं सतरावं वर्ष, पाण्याखाली साठ मीटर म्हणजे रोजचं काम. पत्र्यावर मात्र दहा फुटांवर मी दोन्ही हातांनी वासा धरून बसलो होतो. सिग्नल दोन ओळींचा होता. रजा रद्द. सोमवारी ०८०० वाजता डायव्हिंग सपोर्ट शिपवर रिपोर्ट करा.

काम कशाचं ते मला ठाऊक होतं, कारण ते पेपरात आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवलेली आपली एक युद्धनौका सर्व्हेच्या जहाजाला सापडली होती. खोली चौसष्ट मीटर. तिच्या टाकीतलं तेल गळतंय का आणि डेकवर जिवंत डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब, उरलेत का, एवढं पाहायचं होतं.

मी आईला म्हणालो, "कुणाला सांगू नकोस."

संध्याकाळपर्यंत सगळ्या वलवणला कळलं होतं. दिवेलागणीला सोनामावशी आल्या. बौद्धवाड्यातल्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, तरी धरणाकडून चालत आल्या. त्यांचे वडील भिवा त्या बोटीवर स्टोकर होते, बॉयलरची आग सांभाळणारे. मावशी पोटात असताना ते गेले आणि परत आले नाहीत.

पदराखालून त्यांनी पितळेचं फुलपात्र काढलं. काठाखाली ठिपके ठोकून नाव घातलेलं: भिवा. नावापुढे एक पिंपळपान.

"आयनं जोडी घेतली व्हती. एक त्यानं नेलं. ह्ये घरी ऱ्हायलं."

"मावशी, खालून काही आणता येत नाही. ती वॉर ग्रेव्ह आहे, बुडालेल्यांची समाधी. हातसुद्धा लावायचा नाही."

"आन म्हनलं का म्या? नुसतं बघ. त्यावेळेस गावात आमची भांडी वायली असायची बाबा. पानवठा वायला, पंगत वायली. बोटीवर बी त्याला वायलंच बसवत व्हते का, ह्ये आय मरस्तवर इचारत व्हती. त्याचं भांडं समद्यांच्यात हाय का बाजूला ठिवलंय, त्येवढं बघून ये."

मी बघतो म्हणालो. पत्र्यावरून नुकताच सुखरूप उतरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

डायव्हच्या दिवशी आम्ही ०६४० ला पाण्यात गेलो. मी आणि लीडिंग सीमन थॉमस, केरळचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी ज्युनिअर आणि चाळीस टक्के बारीक. एवढ्या खोल साधी हवा चालत नाही, डोकं फिरतं. म्हणून हेलियम मिसळलेला गॅस असतो. त्याने आवाज बदकासारखा होतो. त्यामुळे माझ्या नोकरीतला सर्वांत गंभीर रेडिओ संवाद दोन बदकांनी केलेला आहे, हे ऐकणाऱ्याने लक्षात घ्यावं.

तळावर अठरा मिनिटं. नंतर वर येताना ठरलेल्या खोल्यांवर थांबत दीड तास. खाली एक मिनिट जास्त राहिलं की वर त्याची भरपाई द्यावी लागते, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात.

नौका डाव्या कुशीवर पडली होती. मागच्या बाजूला टॉर्पेडोचं भोक, त्यातून ट्रक आत जाईल एवढं. सोळाव्या मिनिटापर्यंत काम संपलं. तेल नाही. डेप्थ चार्ज चार, रॅकमध्येच. दोन मिनिटं उरली होती. त्या भोकातून स्टोकर मेस, म्हणजे स्टोकर लोकांची जेवायची-झोपायची खोली, दिसत होती. रेडिओवर मी डायव्हर वन, थॉमस डायव्हर टू, वरचं जहाज म्हणजे सरफेस.

"सरफेस, डायव्हर वन. मेसच्या तोंडापाशी बघून येतो."

"डायव्हर वन, सरफेस. आत जायचं नाही. दोन मिनिटं."

मी लाइन धरून आत शिरलोच. मेसच्या खालच्या कोपऱ्यात भांडी घरंगळून जमा झाली होती. नौदलाच्या थाळ्या वेगळ्या. ही घरून आणलेली. फुलपात्रं, वाट्या, एक तांब्या. वरच्यावरचा गाळ मी हाताने सारला आणि एकावर अक्षरं दिसली. राघो.

इथे माझी चूक झाली. ती डायव्हरची नाही, घरच्या माणसाची. लग्न उरकलं की गल्लीतून मागून आणलेली भांडी नावं वाचून ज्याची त्याला परत करायचं काम आमच्या घरात कायम माझ्याकडे. ढीग दिसला की माझा हात आपोआप भांडं उलटं करतो. मी दुसरं उचललं. तिसरं उचललं. उचलण्यासाठी लाइन सोडली. लाइन म्हणजे बाहेर पडायची दोरी. ती सोडायची नाही, हे मी स्वतः सहा वर्षं नव्या पोरांना ओरडून शिकवलं होतं.

तिसऱ्या भांड्याबरोबर गाळ उठला. टॉर्च चालू होता, पण काचेपुढचा हात दिसेना.

"डायव्हर वन, सरफेस. टाइम. लीव्ह बॉटम."

"वेट वन."

"नो वेट. लीव्ह बॉटम."

"लाइन सापडत नाहीये."

मग वरून आमच्या डायव्हिंग ऑफिसर साहेबांचा आवाज, अगदी हळू. "जागचा हलू नकोस. डायव्हर टू, तुझी पोझिशन?"

"सर, लाइनवर आहे," थॉमस म्हणाला. "त्याला घेऊन येतो."

त्याचा टाइमही संपला होता. नियमाप्रमाणे त्याने वर निघायला हवं होतं.

मी हललो नाही. डावा हात ढिगावर तसाच होता. अंगठ्याखाली एक काठ आला. काठाखाली ठिपके. मी अंगठा फिरवला. ठिपके वळत गेले आणि टोकाला बारीक झाले. पानासारखे. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायातली फिन पकडली आणि ओढलं.

"साब," बदकाच्या आवाजात थॉमस म्हणाला, "शॉपिंग हो गया?"

आम्ही ठरल्यापेक्षा सात मिनिटं उशिरा तळ सोडला. वर येताना अडीच तास टांगून राहिलो. मला काही झालं नाही. अंगावर चरबी असली की जास्त त्रास होतो म्हणतात. माझ्या चरबीने त्या दिवशी नियम पाळला नाही. थॉमसचा उजवा खांदा डेकवर आल्यावर अर्ध्या तासात दुखायला लागला. त्याला रीकम्प्रेशन चेंबरमध्ये, दाब वाढवून बुडबुडे विरवणाऱ्या टाकीत, घातलं. जीव वाचला. डायव्हिंग कायमचं बंद झालं.

मला लेखी ताकीद मिळाली. कमी होती. आणि ती जागा सगळ्या डायव्हर्सना बंद करण्यात आली. पुन्हा कुणी आत गेलं नाही.

वलवणला गेलो तेव्हा मावशी दारात बसल्या होत्या. मी रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. ढीग एकच दिसला. बाजूला ठेवलेलं भांडं दिसलं नाही. पण मेस मी अर्धीच पाहिली. नाव एकच वाचता आलं, राघो. शेवटी अंगठ्याला पान लागलं, डोळ्यांना नाही. थॉमसच्या खांद्याचंही सांगितलं.

मावशी आत गेल्या. घरचं फुलपात्र आणलं.

"डोळं मिट."

मिटले. त्यांनी माझा अंगठा धरून काठाखाली ठेवला. "आता सांग. ह्येच का?"

मी बराच वेळ अंगठा फिरवला.

"असावं," मी म्हणालो. नौदलात 'असावं' चालत नाही. मावशींना चाललं.

"आन त्यो राघो? त्याला खेटूनच व्हता?"

"एकाच ढिगात, मावशी."

"राघोच्या घरी कुनी सांगितलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. गाव, आडनाव, काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मला लोणावळ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. नावं घालायच्या मशीनवरच्या पोऱ्याने विचारलं, "काय घालायचं? सप्रेम भेट? कुणाकडून?"

"भेट न्हाई," मावशी म्हणाल्या. "भिवाच्या शेजारी घाल, राघो. चिकटून घाल. जागा सोडू नगं."

मावशी गेल्यावर त्यांच्या लेकाने ते फुलपात्र मला आणून दिलं. आता ते तळेगावला आमच्या फ्लॅटमध्ये असतं. नौदलातून निवृत्त झालेला मी आता सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत उतरतो, कमरेएवढ्या. थॉमसचा महिन्याला एकदा फोन येतो. खांदा डाव्या हाताने धरून बोलतोय हे आवाजावरून कळतं. "साब, मेरा भी नाम डाल दो उसपे," म्हणतो. मी सांगतो, तुझं घालायचं नाही, तू वर आलास.

रोज सकाळी पहिलं पाणी मी त्यातून पितो. अंगठा आपोआप नावांवर जातो. भिवा. राघो. दोनच आहेत. त्या ढिगात वीस-पंचवीस भांडी होती, प्रत्येकावर कुणीतरी घरून निघताना नाव घालून दिलेलं. माझ्या हाताने उठलेला गाळ आतापर्यंत त्यांच्यावर पुन्हा बसला असेल.