दाखव बरं

“दाखव बरं,” असं म्हणून आमच्या ऑफिसातले काका उजवा तळहात पुढे करायचे. कॉफी मशीन दुरुस्त झालं म्हटलं तरी दाखव बरं, बाहेर ऊन पडलंय म्हटलं तरी दाखव बरं. तसं इंग्लंडातल्या रीडिंग गावात ऊन पडल्याच्या बातमीवर कुणी विश्वास ठेवू नये हे खरंच आहे म्हणा.

आमचं काम बँकांचे वार्षिक अहवाल तयार करण्याचं. त्यातलं लाचलुचपतविरोधी प्रकरण आमच्या दोघांकडे होतं. यंदा तक्रारी किती आल्या, कुणी भेटवस्तू घेतल्या, पुढे काय झालं, हे मी लिहायचं आणि त्यांनी तपासून सही करायची. सगळं ऑफिस त्यांना पहिल्या नावाने हाक मारी. मी एकटाच काका म्हणत असे, आणि ते त्यांना आवडायचं.

एकदा ऑफिसात ‘प्रामाणिकपणा सप्ताह’ झाला. प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीने सगळ्यांना कपकेक वाटले. आम्ही बाकीच्यांनी दोन-दोन हाणले. काकांनी भेटवस्तूंच्या नोंदवहीत लिहिलं : ‘कपकेक एक. निळं आयसिंग. अर्धा खाल्ला, फार गोड होता.’ त्या वर्षीची ती एकमेव नोंद.

आमच्याकडे साध्या बँका होत्या तशा इस्लामिकही होत्या. इस्लामिक बँकेच्या अहवालातलं एक पान ते कौतुकाने दाखवायचे. “व्याजाबिजाचं, धर्माला नको ते इन्कम चुकून हाती आलं, ते चॅरिटीला दिलं, असं सरळ छापतात बघ. मात्र लाचेचं पान दोघांचंही सारखंच गुळगुळीत.” भ्रष्टाचाराबद्दल जास्त लिहिणाऱ्या बँकांचा नफा जास्त असतो, असा तक्ता आमच्या मॅनेजरबाईंनी एका मीटिंगमध्ये लावला होता. काका माझ्या कानात पुटपुटले, “नफा झाला की पानं वाढतात. पानांनी नफा वाढला, हे कुणी पाहिलंय?”

आता मुद्द्यावर येतो. बराच वेळ टाळलं.

आमच्यात मागच्या वर्षीचं पान उचलून त्यावर नुसतं साल बदलायची पद्धत आहे. त्याला रोल-फॉरवर्ड म्हणतात. एका साध्या बँकेच्या पानावर मी तेच केलं. ‘या वर्षी एकही तक्रार आली नाही’ हे वाक्य तसंच पुढे आलं आणि मसुदा बँकेकडे गेलासुद्धा.

काका माझ्या टेबलाशी आले. “अरे, यंदा तीन कम्प्लेंट्स आल्यात. त्यांच्याच फाइलमध्ये आहेत.”

“सॉरी काका, रोल-फॉरवर्डमध्ये राहून गेलं. बदलतो.”

पण बँकेला ते वाक्य फारच पसंत पडलं होतं. चौकशी अजून संपलेली नाही, तेव्हा तक्रारी धरू नका, असं त्यांनी कळवलं आणि मॅनेजरबाईंनी मान डोलावली. काकांनी सही करायला नकार दिला. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि बाईंनाही.

“तू आपल्या कम्प्लायन्स विभागाला एक मेल टाक,” ते मला म्हणाले. “वाक्य मागच्या वर्षीचं आहे, एवढंच. मी एकट्याने लिहिलं तर म्हातारा हट्टाला पेटलाय म्हणतील. दोघांनी लिहिलं तर त्यांना बघावं लागेल.”

मी मेल लिहिली. पाठवली नाही. माझा व्हिसा त्या नोकरीवर होता, मुलगी शाळेत रुळली होती. कारणं सगळी खरी आहेत आणि एकही पुरत नाही. दोन दिवसांनी बाईंनी मलाच विचारलं, तू सही करशील का? स्वतः लिहिलेलं पान स्वतःच तपासल्याची मी सही केली. बँकेचा अहवाल त्या वाक्यासकट छापून आला. त्यात आमची नावं नसतात.

मार्चमध्ये काकांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. काम फार संथ, असं कारण दिलं. निघताना त्यांनी विचारलं, “मेल पाठवलीस ना?”

“हो.”

आयुष्यभर ज्याला त्याला ‘दाखव बरं’ म्हणणारा तो माणूस नुसतं “मग झालं” म्हणाला आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

गेल्या दिवाळीत जवळच्या स्लाऊ गावी मराठी मंडळाच्या जेवणात ते भेटले. दुसरी नोकरी मिळाली नव्हती. त्याबद्दल ते फार बोलले नाहीत. वाढत असलेल्या काकूंना मात्र त्यांनी मुद्दाम हाक मारून बोलावलं.

“हाच तो. अख्ख्या ऑफिसात माझ्या बाजूने लिहिणारा एकटा.”

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. “तुमच्याबद्दल घरात नेहमी बोलणं होतं हो,” म्हणाल्या आणि नको नको म्हणत असताना माझ्या ताटात आणखी दोन पुऱ्या वाढल्या.

मी त्या खाल्ल्या.