सिरीयलच्या चुका काढनारा जवाई

बायको माहेरी निघून गेली त्याले सव्वा महिना झाला, तवा कुठं मी तिले आनाले चिखल्याले गेलो. ती काहून गेली ते आधी सांगून देतो, नाईतं तुमी तिलेच दोष द्यान. बचत गटाच्या सभेत ती पयल्यांदा उभी राहून बोलली. मी पानठेल्यावर तिची नक्कल केली. पदर डोक्यावर ओढत, ततपप करत. ठेला हसला. ठेला हसला की मी खूश, माह्या अकलेची उंची तेवढीच. तिच्या कानावर गेलं, तिनं पिशवी भरली.

सासऱ्याच्या घरी पोचलो तं दुपारचे तीन वाजले होते अन टीव्हीवर जासूसी सिरीयल चालू होती. मामाजी मॅंगनीजच्या खदानीत तीस वर्ष उतरून रिटायर झालेले. मी जयभीम केला. त्यायनं टीव्हीवरची नजर न काढता हात वर केला. सासूनं पानी आनून आदळलं. बायको सयपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाह्यलं बी नाई.

समजदार मानूस चुप बसला असता. पन मी समजदार असतो तं मले तिथं जायचं कामच पडलं नसतं.

सिरीयलमंदी खदानीत खून झाला होता. एका गवाहाची चौकशी चालू होती.

"मामाजी, याच्या डाव्या हाताले पट्टी होती. आता उजव्या हाताले आली. जखम बस बदलून आली का?"

कोनी हसलं नाई.

"अन भिंतीवरची घडी पाहा. मंगाशी बी चार वाजून दहा, आता बी चार वाजून दहा. चौकशी बिनासेलची चालली."

"चुप पाहा," मामाजी म्हन्ले.

मंग जासूस साहेब खदानीत खाली गेला अन वर आला. शर्ट पांढराफक, इस्त्री बी मोडली नाई. मले वाटलं, मामाजीले खूश करायचा हाच मौका.

"याले खदान म्हन्ते का? तुमी ड्युटीवरून काळेठिक्कर होऊन यायचे तवा मामी तुमाले आवाजावरून ओळखत असन."

"तुमी पाह्यलं होतं का?" सासू म्हन्ली.

मामाजीनं आवाज कमी केला. "जवाईबापू, तीस वर्ष मी त्या भोकात उतरलो. शर्ट पांढरा राहत नाई, हे तुमी मले शिकवून राहिले? हा एपिसोड मी तिसऱ्यांदा पाहून राहिलो."

"मंग काहून पाहता?"

"मानूस खाली गेला अन साफसुथरा वर आला. मले पाहाले बरं वाटते. तुमाले काही अडचन?"

"नाई मामाजी."

"मंग आता तुमची चौकशी," ते म्हन्ले. "सव्वा महिना कुठं होते?"

"ताप होता मामाजी. महिनाभर खाटेवरून उठलो नाई."

"अन धानाची रोवनी कोनं केली?" सासूनं विचारलं.

"मीच केली. मजुरीले बाया भेटत नव्हत्या. मी स्वता बांधीतल्या चिखलात उतरून धानाचे परे लावले."

दारातून बायको पयल्यांदा बोलली. "खाट बांधीत नेली होती का?"

मामाजी हसले. माह्या एकाबी जोकवर न हसलेला मानूस. ताप बी खोटा अन रोवनी बी खोटी. रोवनी भावानं केली. ठेल्यावरच्यायनं सांगितलं होतं, आधी गेला तं जिंदगीभर झुकशीन. म्हनून मी वाट पाहत बसलो, का तीच येईन.

तिनं सूप बाजूले ठेवलं. "ठेल्यावर माही नक्कल केली ना? इथं करा. बाबाले बी पाहू द्या."

"जाऊ दे ना."

"करा."

सासूनं टीव्ही बंद केला. मी उभा झालो. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर ओढला, मान खाली घातली, ततपप केलं. सांगाले लाज वाटते, पन तवा बी मी कोनी हसन म्हनून थांबलो होतो.

"मी त्या दिवशी ड्रेस घातला होता," ती म्हन्ली. "पदर कुठून आला? अन मी अडखळली ते एकदा, पयल्या वाक्याले. तुमी होते का तिथं?"

नव्हतो. मी ठेल्यावर होतो. ती अडखळली एवढं कोनंतरी सांगितलं, बाकी सारं मी बनवलं.

"काय बोलली मी, ते तरी मालूम आहे?"

ते बी मालूम नव्हतं.

"जा. त्याच ठेल्यावर सांगा, का तुमी तिथं नव्हते. मंग पाहीन."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. "मी सभेले नव्हतोच. सारं मनानं बनवलं." ते हसले, त्यायले नवा आयटम वाटला. पुन्हा सांगितलं. एक जन म्हन्ला, "सासऱ्यानं मारलं का बे?" अजून हसले. तिसऱ्यांदा सांगितलं तवा हसनं बंद झालं. एकेक जन गाडीवर बसून निघून गेला. पानवाला सुपारी कातरत राहिला.

तिले फोन केला. "सांगितलं," म्हन्लं.

"कोन कोन होतं? काय म्हन्ले?"

मी सांगत गेलो. ती मधात थांबवून पुन्हा विचारे. दोन जागी माहं बयान बदललं, दोन्ही जागी तिनं धरलं.

"सभेत तू काय बोलली होती?" मी विचारलं.

"आता विचारून राहिले," ती म्हन्ली. "आल्यावर सांगीन."

कवा येशीन, हे विचारायची हिंमत झाली नाई. मी घर झाडून काढलं अन चिखल्याच्या बसच्या टाइमाले घरीच राहाले लागलो.