गाडीच्या अंगात शिरलेलं वारं

एखाद्याचं बोलणं पुरतं ऐकून घेण्याआधीच तुम्ही त्याला उत्तर दिलंत, असं शेवटचं कधी घडलं? माझी तर ती खोडच होती, आणि त्या खोडीला मी तत्त्वनिष्ठा समजत असे. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका छापखान्यात मी पत्रकं लिहीत असे. अंगात येणं, भानामती, अंगारे-धुपारे यांवर माझी लेखणी तुटून पडे. देव असलाच तर त्यानं माझ्याशी पुराव्यानिशी बोलावं, असं मी एका पत्रकात छापलंही होतं. ते वाक्य मला फार आवडे.

उन्हाळ्याचे दिवस होते. वहिनी अक्कलकोटच्या अलीकडल्या एका खेड्यात माहेरी बाळंतपणाला गेली होती. दोन दिवस कळा येऊनही सुटका होईना, तेव्हा दादा धावत सोलापूरला आला. छापखान्याच्या मालकांनी आपली जुनी मोटार आम्हाला दिली. ती पूर्वी एका गिरणीच्या कापसाच्या गुदामावर कामाला होती. मला ती चालवता येई, आणि यंत्रही कळतं असा माझा समज होता. जाताना ती बरी धावली. वहिनीला मागं निजवून इस्पितळाकडं परत निघालो, आणि मोटारीनं आपले रंग दाखवले. वेगात असली की चाले. जरा हळू केली की सगळं अंग थरथरे, इंजिन आचके देई, धापा टाकी. पोटाखालून काळं तेल ठिबकत होतं. वळून पाहिलं तर फुफाट्यात ठिपक्यांची एक ओळ आमच्यामागून चालत आल्यासारखी दिसत होती.

भर बाराच्या वेळेला एका कोरड्या ओढ्याच्या उतारावर ती बंद पडली. गाळ साचला असेल म्हणून मी कार्ब्युरेटर उघडला, धुतला, फुंकला, परत बसवला. हँडल मारलं. पाच-सहा आचके देऊन इंजिन पुन्हा गप्प. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. वहिनीचं कण्हणं मघाशीच थांबलं होतं, आणि त्या थांबण्याचीच मला जास्त भीती वाटत होती. बाळ हलत नाही, एवढंच ती म्हणाली. दादा माझ्याकडं बघत होता.

"तुझं पत्रक वाचून दाखव की गाडीला," तो म्हणाला. "ऐकंल कदाचित."

झाडाचं पान हलत नव्हतं. पाखरू बोलत नव्हतं. त्या शांततेत मला श्वास ऐकू आला. मोठा, संथ, चामड्याचा. आत घेतलेला, जरा थांबलेला, मग सोडलेला. मी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन तर बंद होतं. आवाज ओढ्यापलीकडच्या एका खोपटातून येत होता, लोहाराचा भाता चालावा तसा. लोहार असेल तर हत्यारं असतील, म्हणून मी धावलो. दाराशी पोचलो आणि आवाज थांबला. आत भट्टी थंड होती, राखेवर कोळिष्टकं होती, भात्याचं चामडं वाळून मधोमध फाटलं होतं. उघड्या दारात एक म्हातारी उभी होती; तिकडच्या कानडी बोलीत अव्वा. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, दोन्ही डोळे पांढरे. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "गाडीपाशी ने मला."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती आली. सुरू कर म्हणाली. दादानं हँडल मारलं. इंजिन आचके देऊ लागलं तशी तिनं मान कलती केली आणि कानडीत पुटपुटली, "गाळी."

गाळ मी कधीच काढलाय, असं मी तिला तुटकपणे सांगितलं.

"गाळ न्हाय रं. गाळी. वारं. हिच्या अंगात वारं शिरलंय."

माझं डोकंच फिरलं. अंगातल्या वाऱ्यावर तर मी चार पानं लिहिली होती. मागं एक बाई मरणाच्या दारात, आणि ही मला सांगते मोटार झपाटली आहे. मी तिला वाटेल ते बोललो. तुमच्यासारख्यांनी हा देश बुडवला, असंही बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं, कमरेची पिशवी सोडली आणि आमच्या तांब्यातल्या पाण्यात भस्म कालवलं. मी तिचा हात झटकणार, तेवढ्यात मागून क्षीण आवाज आला.

"भावोजी, करू द्या त्यांना."

मी हात मागं घेतला. ते हात मागं घेणं हाच माझ्या आयुष्यातला पहिला नमस्कार, आणि तोही नाइलाजानं केलेला.

दादा पुन्हा हँडलपाशी जाऊन उभा राहिला. पेट्रोलची वाफ इंजिनात नेणारी नळी कुठली, ते तिनं विचारलं. मी तिचा हात तिथवर नेला, आणि दादानं हँडल मारलं. शिवाच्या पिंडीला लावावं तसं तिनं तीन बोटांनी त्या नळीला भस्म लावलं. वरचे दोन पट्टे तसेच राहिले. तिसरा, नळी इंजिनाला मिळते त्या सांध्यावरचा, माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला गेला. त्याच क्षणी इंजिनाची थरथर थांबली. चार-पाच श्वासांपुरतं ते निजलेल्या माणसासारखं एकसारखं चाललं, मग पुन्हा ठसकलं.

सांधा फाटला होता. तिथून हवा आत जात होती. वारं म्हणजे वारंच.

"भात्याला चीर पडली की भट्टीतला इस्तू असाच ठसकतो," अव्वा म्हणाली. "चाळीस वर्सं वडलाय मी भाता. आन् जितनं वारं भायेर पडावं तितं बुजलंय. म्हणून तेल घामावानी फुटतंय."

इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी एक आखूड नळी असते. मी तिच्यात तार घातली. तेलात भिजलेला गुदामातल्या कापसाचा बोळा बाहेर आला, आणि त्यामागून एक लांब उसासा. दादा दोन पावलं मागं सरला. अव्वानं पदराची पट्टी फाडली, भस्मात बुडवली आणि मला ती सांध्यावर आवळून बांधायला लावली. मग तिनं वहिनीच्या पोटावर कान ठेवला. आम्ही दोघं भाऊ तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"हितं चालू हाय," ती म्हणाली. "जावा."

दिवस मावळायच्या आत इस्पितळात मुलगी झाली. दोघी वाचल्या.

पंधरा दिवसांनी मी क्षमा मागायला त्या ओढ्यावर गेलो. अव्वा दारातच बसली होती. माझं सगळं बोलून होईतो ती हसत होती. "लई बोलतोस की रं," एवढंच म्हणाली. मग मी विचारलं, त्या दुपारी भाता कोण ओढत होतं?

"मालक गेल्यापास्नं त्याला कुणाचा हात लागला न्हाय," ती म्हणाली. जराशानं म्हणाली, "त्या दिशी मलाबी आवाज आला. म्हणून तर दार उघडलं."

यावर माझ्याकडं पत्रक नाही. पुराव्यानिशी बोल, असं मी ज्याला छापून बजावलं होतं, तो एका आंधळ्या म्हातारीच्या तोंडून दोन शब्द बोलला, आणि ते पुरते ऐकायच्या आधीच मी त्याला शिव्या दिल्या. तरी त्यानं काम अडवलं नाही. त्या दयेचं ओझं मी आनंदानं वाहतो आहे. पत्रकं मी आजही लिहितो, बुवाबाजीवर आजही तुटून पडतो. पण लेखणी उचलण्याआधी ती खाली ठेवून बसतो, आणि ऐकतो.

तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, ज्या कुणाचं एखादं वाक्य तुम्ही भोळं म्हणून हसण्यावारी नेलं असेल, त्याच्याकडं आज जा. त्याला विचारा, म्हणजे काय? आणि त्याचं सांगून होईपर्यंत गप्प बसा.