देवीने नाही म्हटलं तेव्हा

वीणा मांडीवर घेतली की छाती कुठे ठेवायची, हे मला कुठल्याच गुरूने शिकवलं नाही. शिकवणारे सगळे पुरुष, त्यांना काय पडलंय. वयात आल्यापासून मी दांडा अंगापासून जरा लांब ढकलून वाजवत आले. लांब ढकलला की हात ताणतात, हात ताणले की खांदे पुढे येतात, आणि त्या खांद्यांवर आधीच ब्राच्या पट्ट्यांनी खोल चऱ्या पाडलेल्या. वर जो तो सांगणार, पाठ सरळ ठेव. सांगणाऱ्यांच्या गळ्यात दोन नारळ बांधून त्यांना तासभर वाजवायला बसवलं पाहिजे, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

आमचं घर तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. मी तिरुवैयारुच्या एका संगीतशाळेत वीणा शिकवते, रोज टाउन बसने जाऊन-येऊन. लग्न आतेभावाशी झालं. आमच्या इकडच्या मराठी घरांत यात काही नवल नाही, पण त्यामुळे सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. तिला मी अजूनही अगं-तुगं करते, आणि घरातलं कुणी नाक मुरडत नाही. ही छातीसुद्धा मला तिच्याच घराण्याकडून आलेली. बाबांच्या बाजूच्या सगळ्या बायका अशाच. तुम्ही दोघी आत असलात की स्वयंपाकघरात मला जागा उरत नाही, असं नवरा चेष्टेने म्हणायचा. आधी मी हसायचे. मग एकदा त्याच्या अंगावर धावून गेले, तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला.

मानदुखी, पाठदुखी, उन्हाळ्यात छातीखाली उठणारं पुरळ, गल्लीतल्या शिंप्याने चारचौघांत मोठ्याने वाचलेलं माप, हे सगळं मी पचवलं होतं. बाईच्या जन्माला आलं की असतंच काही ना काही, असं म्हणून मूग गिळून बसायला मला घरातच शिकवलं होतं. पण गेल्या वर्षी उजव्या हाताची करंगळी बधिर व्हायला लागली.

वीणेत या करंगळीचं काम कुणाच्या लक्षात येत नाही. राग वाजवतात ती बाकीची बोटं. बाजूला ताळाच्या तीन तारा असतात, त्या करंगळीने छेडायच्या, सतत, बोटाकडे न बघता. माझ्याकडे बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई शिकायला येतात. त्या दिवशी मी वाजवून दाखवत होते आणि त्यांनी भीतभीत विचारलं, टीचर, आज ताळ मुद्दाम सोडलात का? मी चमकले. मी सोडला नव्हता. माझ्या हिशेबाने करंगळी चालूच होती. खाली पाहिलं तर ती तारेच्या वर, हवेत हलत होती. बाईंना मी हो म्हटलं, मुद्दामच सोडला, तुम्हाला मनात मोजता येतो का बघत होते. मग हात धुवायला म्हणून मागे गेले आणि नळ सोडून रडले.

शिरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की मणक्यात काही नाही, छातीचं वजन खांदे ओढतं, पट्ट्या रुततात, शीर दबते. हे असंच चाललं तर बोटातली जाणीव परत येईल याची खात्री नाही. त्यांनी तिरुच्चीच्या एका सर्जन बाईंकडे पाठवलं. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. छाती कमी करायच्या ऑपरेशनने खांद्यांना आराम पडेल, बोट सुधारायची शक्यता चांगली आहे. पण पुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईल का, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. कुणी पुरेसं पाजतात, कुणी थोडं, कुणाला अजिबात येत नाही. शिवाय गरोदरपणात छाती पुन्हा वाढूही शकते. बऱ्याच जणी मुलं झाल्यावर करतात, त्या म्हणाल्या. तुम्ही घरी बोला.

घरी बोला. घरी काय बोलायचं? मूल झाल्यावर म्हणजे कधी? आधी नऊ महिने, त्यात हे ओझं आणखी वाढणार. मग वर्षभर पाजायचं. तोवर करंगळी काय माझी वाट बघत बसणार होती? आणि आधी ऑपरेशन केलं, आणि पोर भुकेने टाहो फोडतंय आणि माझ्याकडे थेंब नाही, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? मी रोज एक ठरवायचे आणि रोज मोडायचे. बसमध्ये शेजारी कुणी बाई पदराखाली मूल घेऊन बसली की मला उठून दुसरीकडे जावंसं वाटायचं. शाळेत पोचले की वीणेची खोळ काढायची भीती वाटायची. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुझं शरीर आहे, तू ठरव. माणूस वाईट नाही. वीज कार्यालयात काम करतो, कुणाला दुखवत नाही, ऑपरेशनचं ऐकून बिचाऱ्याने चुकीचं काहीच म्हटलं नाही. पण तू ठरव म्हणणं म्हणजे मदत नव्हे. विहिरीत पडलेल्या माणसाला वरून कुणी म्हणावं, तुला हवं तसं पोह, तसं मला झालं. मी त्याला हेच सुनावलं. तो उठून आत गेला आणि मला आणखी एकटं वाटलं.

आत्याचं म्हणणं मात्र पक्कं होतं. आधी पोर, मग काय कापायचं ते कापा. मी करंगळीचं सांगितलं तर म्हणाली, गाणं शिकव, गळा चांगला आहे तुझा. मी म्हटलं, आत्या, सोळा आणे वीणेची आहे मी, गाणं मला पोट भरण्यापुरतंही येत नाही. ती भांडी घासत राहिली. असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी तिनेच तोड काढली: फूल विचारूया.

आमच्याकडे नड अशी आली की फूल विचारतात. इथल्या तमिळ घरांतही आहे ही रीत. एका केळीच्या पानात पांढरं फूल, एकात तांबडं, दोन्ही पुड्या सारख्याच दिसतील अशा केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधायच्या. देवीच्या पायाशी ठेवायच्या आणि ज्याचा प्रश्न त्याने एक उचलायची. पांढरं निघालं तर हो, तांबडं निघालं तर नाही. दुसरी पुडी न उघडता वाहत्या पाण्यात सोडायची. आणि एक प्रश्न एकदाच. पुन्हा विचारलं तर तो देवीवर अविश्वास.

मी एम.ए. झालेली बाई. मला हसू यायला हवं होतं. पण खरं सांगू, मला हायसं वाटलं. इतके दिवस ठरव, ठरव, ठरव ऐकून डोकं फुटायची वेळ आली होती, आणि आता कुणीतरी दुसरं ठरवणार होतं. शुक्रवारी आत्या न्हाऊन पुड्या बांधून घेऊन आली, पांढरी मल्ली आणि तांबडी कण्हेर. गल्लीच्या टोकाला अम्मनदेवीचं छोटं देऊळ आहे, तिथे आम्ही दोघीच गेलो. मी डोळे मिटले, मुलाच्या आधी ऑपरेशन करू का असं विचारलं आणि मनात इतक्या जोराने पांढरं, पांढरं म्हटलं की तेव्हाच मला कळायला हवं होतं मला काय हवंय ते. हात पुढे केला, उजवीकडची पुडी उचलली, दोरी सोडली. कण्हेर.

आत्याने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि दुसरी पुडी उचलून कालव्याकडे गेली. मी पायरीवर बसून राहिले. मला देवीचा राग आला, मग रागाची भीती वाटली, आणि मग काहीच वाटेना.

पुढचे महिने मी नाही या एका शब्दावर काढले. सर्जन बाईंकडून फोन आला, मी नको म्हणून सांगितलं. करंगळीच्या शेजारचं बोटही सकाळी सकाळी मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं. मी वाजवून दाखवणं बंद केलं, नुसतं तोंडाने सांगायचे. शाळेतल्या मोठ्या सरांनी फार गोड शब्दांत सुचवलं की पुढच्या वर्षीपासून लहान मुलींचा स्वर-लय वर्ग घ्या, वीणेला आपण दुसरं कुणी बघू. मी मान डोलावली आणि घरी आले. खुंटीवर ब्रा टांगलेली होती, तिच्याकडे बघून मला घाण शिव्या सुचल्या. रात्री नवऱ्याने जवळ ओढलं तर मी त्याचा हात झटकला. मूल व्हावं म्हणून हे सगळं सोसायचं, आणि मूल होण्याच्या वाटेवरच मी काटे टाकत होते.

पुढच्या एका शुक्रवारी आत्या म्हणाली, ये, तेल लावते पाठीला. आम्ही दोघी एकमेकींना तेल लावतो, मी लहान असल्यापासूनची सवय. न्हाणीघरात पाटावर मी बसले, तिने कोमट तिळाचं तेल माझ्या खांद्यावर ओतलं आणि चऱ्यांवरून अंगठा फिरवला. तिथे कातडी काळी पडून खरखरीत झालीय. मग आम्ही जागा बदलली. ती पाटावर बसली, मी तिच्या पाठीशी.

आणि मी म्हटलं, "आत्या, मला मूलच नको."

मी ते रागाने म्हटलं नव्हतं. थकून म्हटलं होतं. मूल नसेल तर दूध आलं काय नि नाही आलं काय, मला सोडवा यातून, एवढंच मला म्हणायचं होतं. आत्याची पाठ एकदम ताठ झाली. तिने समोरची शिकेकाईची वाटी बाजूला सरकवली.

"दोन्ही पुड्यांत कण्हेरच होती," ती म्हणाली.

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. माझे हात तिच्या पाठीवर तसेच राहिले. मी म्हटलं, देवीच्या तोंडून तू खोटं बोलवलंस. ती हो म्हणाली. मग पाठ न वळवता, भिंतीला सांगावं तसं तिने सांगितलं. तिला मुलगा झाला, म्हणजे माझा नवरा, तेव्हा तिच्या अंगावर दूधच येईना. एवढं ओझं वागवून थेंब नाही. पोर गाईच्या दुधावर, चांदीच्या बोंडल्याने पाजून वाढवलं. आणि तिची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, एवढी मोठी गाय आणि वासरू उपाशी. सगळी गल्ली हसायची. मला देवाने दिलं नाही तरी मला फाडून खाल्लं लोकांनी, आत्या म्हणाली, तू तर आपल्या पायांनी जाऊन कापून येणार. तुला जिवंत सोडतील का?

मला संताप आला होता आणि तिची दयाही येत होती. दोन्ही एकदम आलं की माणूस ओरडतही नाही आणि जवळही घेत नाही. इतके महिने देवी नाही म्हणाली म्हणून मी रडले, चिडले, पण मला एक आधारही होता, की हे माझ्या हातात नाही. आता नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. देवीला विचारलंच नव्हतं. प्रश्न जिथल्या तिथे होता आणि समोर मी एकटी.

हाताला काहीतरी करायला हवं म्हणून मी तेल चोळायला लागले. आत्याच्या खांद्यांवर माझ्यासारख्याच चऱ्या आहेत, जास्त खोल, इतक्या की त्यांत तेल साचून राहतं. लहानपणापासून मी त्या पाहत आलेय आणि कधी विचारलं नव्हतं. उजवा हात त्या चरीतून फिरत होता. अंगठ्याला ती लागत होती, मधल्या बोटाला लागत होती. करंगळी खळगीच्या तळाशी होती, मी डोळ्यांनी बघत होते, आणि तिला काहीही लागत नव्हतं.

"मी जाणार, आत्या," मी म्हटलं. "दूध येईल की नाही ते मला माहीत नाही. मला भयंकर भीती वाटते. पण मी जाणार."

पुन्हा फूल विचारायचं का, असं ती विचारेल म्हणून मी थांबले. आता खरं विचारू, या खेपेला पुड्या तूच बांध, असं काहीतरी. तिने ते विचारलं नाही. दूध आलं नाही तर काय करशील, असं हळूच म्हणाली. मी म्हटलं, बोंडलं कुठे गेलंय, ते काढून घासून ठेव. त्याच्यावर वाढलेला आज मला तू ठरव म्हणण्याइतका शहाणा झालाच की. ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. तिने हात मागे आणून माझा तेलकट हात खांद्यावर दाबून धरला.

"माझ्या या ओझ्यासाठी मला तर कुणी फूल विचारायलासुद्धा नेलं नव्हतं गं," ती म्हणाली.