भिंतीचा ताप

आमची मोठी आई कोणाच्याही घरी गेली, की आधी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवायची. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन उभे आणि ही डोळे मिटून भिंतीपाशी. मग हात काढून सांगायची, "बाई वं, तुमच्या भिंतीले ताप हाय." माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही तिनं हेच केलं. मुलीकडचे घाबरले, त्यांना वाटलं, ही बाई ओल शोधतेय आणि आता नकार देणार. पण तिनं हात काढला आणि म्हणाली, "पोरगी पसंत हाय." मुलगी तोवर बाहेर आलेलीही नव्हती. आमचं लग्न मुलीच्या गुणांवर ठरलं नाही, माझ्या तर नाहीच नाही. भिंत थंड होती, म्हणून ठरलं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. वर्ध्याला, बोरगाव मेघेच्या बाजूला तिच्या यजमानांचा, म्हणजे मोठ्या बाबांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाचा एक लांब शेड. तिथं पेरणीच्या तिफणी आणि कोळपणीचे डवरे बनत, वखराच्या पासांना, म्हणजे पात्यांना धार लागे, बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढे. सत्तरच्या दशकात मोठे बाबा अचानक गेले आणि दिवस झाल्यावर मोठी आई शेडच्या दारात स्टूल टाकून बसू लागली. लोक बोलायचे ते बोलले. तिच्या स्टुलाचं तोंड आत कामाकडे होतं, त्यामुळे लोकांकडे आपोआप पाठ झाली.

या धंद्याची गंमत अशी, की सगळं काम उन्हाळ्यात येतं. मृग लागायच्या आत प्रत्येकाला अवजार हवं आणि तेव्हाच आमच्या वर्ध्याचं ऊन माणसाला भाजून काढतं. वर टिना, आत भट्टी, दिवसाही अंधार म्हणून माथ्यावर दिवे. अशाच एका दुपारी गुलाब मिस्त्री ऐरणीपाशी कोसळला. मोठ्या बाबांच्या वेळचा माणूस. त्याला ऊन लागलं होतं. तळपायाला कांद्याचा रस चोळला, बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, तेव्हा कुठं वाचला.

संध्याकाळी माझे बाबा आले.

"वहिनी, पुरे झालं आता. उद्या एखादा माणूस मरन इथी. कापसाचा व्यापारी गोदामासाठी शेड मागून राह्यला. देऊन टाकू."

मोठी आई म्हणाली, "एक उन्हाळा द्या भाऊजी. पुढच्या उन्हाळ्यात कोणी पडला, तर कुलूप मी लावीन. तुमाले सांगा लागनार नाई."

बाबा माणूस वाईट नव्हते. त्यांनी स्वतः जाऊन दोन दांडगे पंखे आणले. पंखे सुरू झाले, की विजेचा दाब इतका उतरायचा, की लेथ बाळंतिणीसारखी कण्हायची. आणि वारा यायचा तो भट्टीवरून भाजून यायचा. मोठी आई म्हणाली, "तापल्या तव्यावर फुंकर घालून काय होते जी? आधी तवा तर उतरवा."

तवा उतरवायचा म्हणून तिनं जे केलं, ते आमच्याकडची कोणीही बाई करेल. तिनं छपरावर पऱ्हाटी टाकली. कापूस वेचून झाला, की शेतात कपाशीची झाडं वाळून उभी असतात, ती पऱ्हाटी. आमचा मांडव पऱ्हाटीचा, गोठ्याची सावली पऱ्हाटीची, कुंपणही पऱ्हाटीचं. पुढच्या वर्षी होळी झाल्यावर चार गाड्या आणून टिनांवर जाड थर दिला. आतला फरक दुसऱ्याच दिवशी कळला. मोठ्या आईनं सगळ्यांना गूळ वाटला.

गुळाची चव तोंडात होती तोवर भट्टीच्या धुराड्यातून एक ठिणगी वर गेली.

पुढचं सांगायला मला संकोच वाटतो, कारण त्यात मीही होतो. कॉलेजला सुट्टी होती. मी मोठ्या आवेशानं बादली घेऊन शिडीवर चढलो आणि पाणी भिरकावलं, ते नेमकं खालून "बादली दे, बादली दे" म्हणत येणाऱ्या बाबांच्या अंगावर. बाकी मोहल्ला माझ्याहून हुशार निघाला. एक कोपरा जळला, तेवढ्यावर निभावलं. आग विझली, पण बाबा पेटले.

"वहिनी, हे काय करून राह्यल्या तुमी? खाली विस्तव आन् वर काडी?"

"चुकलं भाऊजी," मोठी आई म्हणाली. तिचा पदर काळा झाला होता. "चुलीवर पऱ्हाटीचं छप्पर आपल्यात कोणी करते का? मी केलं."

"ते काई नाई. पऱ्हाटी काढा, आन् ते भट्टी आजच्या आज बाहेर! उन्हाळाभर शेडात विस्तव दिसला, तर मीच कुलूप लावतो."

म्हणजे शिक्षाच झाली. गुलाब मिस्त्रीनं भट्टी उचलून उत्तरेच्या कडुनिंबाखाली मांडली. पऱ्हाटी उतरली, टिना पुन्हा उघड्या पडल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोठी आई शेडात गेली आणि सवयीनं भिंतीवर हात ठेवला. तशीच उभी राहिली. मग ओरडली, "मिस्त्री! अथी या, हात लावून पाहा!"

मिस्त्रीनं हात लावला. "ताप उतरला काय वो बाई?"

मोठी आई स्टुलावर बसून पदर तोंडाशी धरून हसायला लागली. "आपन सुर्व्याले शिव्या देत बसलो गा! अर्धं ऊन तर आपनच घरात पाळलं होतं."

त्यानंतर ती थांबलीच नाही. चुन्यात डिंक आणि मीठ कालवून तिनं टिना पांढऱ्याशुभ्र करून घेतल्या. हे काम माझ्याकडे आलं. तापल्या टिनेवर अनवाणी चढू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिला अर्धा तास मी चुना लावण्यापेक्षा नाचलोच जास्त. भिंतींच्या वरच्या अंगाला झरोके पाडले, गरम हवा निघून जायला. उत्तरेच्या बाजूला उंचावर काचा बसवल्या आणि दिवे बंद केले. "सुर्व्या देते ते घ्याचं, जास्त झालं ते वापस कराचं," ती म्हणायची.

शेडातल्या सगळ्या यंत्रांना मिळून एकच मोटर होती. एक छिद्र पाडायचं, तरी सगळे पट्टे गरागरा फिरायचे. मोठ्या आईला ते बघवत नसे. "एका भाकरीसाठी कोणी तवा तापवते का? सगळं पीठ मळून ठेवा, मंग चुलीपाशी बसा." तेव्हापासून सगळी छिद्रं, सगळ्या धारा सकाळी एका बैठकीत होऊ लागल्या. भट्टीचं कामही ऊन चढायच्या आत. दुपारी शेडात फक्त जुळणी, मोटर बंद. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसानं मीटरला दोनदा टिचकी मारली. "बाई, बिघडलं काय हे?" मोठी आई म्हणाली, "ते नाई बिघडलं बाप्पा, आमी सुधारलो."

नवतपा लागला. रोहिणीचे ते नऊ दिवस म्हणजे आमच्याकडे उन्हाची परीक्षा. अशाच एका दुपारी बाबा आले. पिशवीत नवं पितळी कुलूप होतं. मी पाहिलं होतं. मोठ्या आईनंही पाहिलं असावं, कारण ती स्टुलावरून उठली आणि तिनं त्यांना बसायला दिलं. बाबा बसले. वर पाहिलं, दिवे बंद, पंखे बंद, तरी गुलाब मिस्त्री तिफणीचे फण ठोकतोय आणि गाणं गुणगुणतोय. बाबांनी भिंतीला पाठ टेकली. थोड्या वेळानं त्यांची मान कलली आणि ते घोरायला लागले. मोठ्या आईनं मिस्त्रीला खूण केली, "हळू ठोका, भाऊजी झोपले."

उन्हं कलल्यावर बाबा जागे झाले. डोळे चोळत म्हणाले, "वहिनी, च्या नाई सांगतला?" ते कुलूप पुढं कितीतरी वर्षं मोठ्या आईच्या पापडाच्या डब्याला होतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मोठी आई आजारी पडली. तिनं हट्टानं खाट शेडाला लागून असलेल्या खोलीत टाकायला लावली. भर वैशाख होता. मी तिच्याजवळ बसलो होतो. कपाळावर हात ठेवला, तर अंग चांगलंच तापलेलं. तिनं माझा हात धरला, कपाळावरून काढला आणि खाटेशेजारच्या भिंतीवर ठेवला.

"कशी हाय?"

"थंड हाय, मोठी आई."

"मंग पंखा काऊन चालू ठेवला? बंद कर."

मी उठून पंखा बंद केला. खरं सांगतो, खोलीत काहीच फरक पडला नाही.