विरुद्ध एक

"अनुमोदक कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

आत अकरा सभासद बसले होते. मी बारावा, बाहेर ओसरीत. चिटणीस टाक दौतीत बुडवून थांबले होते. वकीलसाहेबांनी चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकाने पुसायला घेतला. तो चष्मा स्वच्छच होता. मला दारातून दिसत होतं.

"अनुमोदक नाही. ठराव पडला. पुढचा विषय घ्या."

पडलेला ठराव माझ्या बापाचा होता.

आबा पंधरा दिवसांपूर्वी गेले होते. बत्तीस वर्षं या म्युनिसिपालिटीची गाडी त्यांनी हाकली. गावात मेलेली ढोरं, कुत्री, बेवारशी माणसं, सगळं त्या गाडीतून गावाबाहेर गेलं. प्लेगच्या सालात तर माणसंच जास्त. असा नोकर मेला तर सभेने दुखवट्याचा एक ठराव करावा, एवढंच माझं मागणं होतं. दोन ओळींचा. 'ही सभा दुःख प्रदर्शित करते.' पैसा नाही, जमीन नाही, दगडावर नाव नाही. आठ दिवस आधी रीतसर नोटीस देऊन मी तो मांडला. पण एकट्याने मांडलेला ठराव सभेपुढे येतच नाही. कोणीतरी दुसऱ्याने "माझं याला अनुमोदन आहे" म्हणावं लागतं. चार शब्द. अकरा तोंडं आत होती, एकातूनही ते निघाले नाहीत.

पुढचा विषयही दुखवट्याचाच होता. आमच्या जिल्ह्यात पूर्वी कधी असलेल्या एका कलेक्टरची मडम विलायतेत वारली होती. तिला गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. तिचं नाव चिटणिसांना धड वाचताही येईना, दोनदा अडखळले. अध्यक्षांनी स्वतः ठराव मांडला आणि वकीलसाहेबांनी लगेच अनुमोदन दिलं. सगळे उठून उभे राहिले, माना खाली घालून.

मीही उभा राहिलो.

हे सांगायला आजही लाज वाटते, पण सांगतो. बापासाठी कोणी उठलं नाही आणि मी त्या मडमेसाठी उठलो. सवयच तशी होती. आतले उभे राहिले की आपण उभं राहायचं.

आता माझी खुर्ची बाहेर का, ते सांगतो. आमचं गाव चाळीसगाव-धुळे रेल्वेच्या फाट्यावरचं. बाजारपेठ, कापसाची सरकी काढणारी तीन जिनं, एक म्युनिसिपालिटी. सरकारचा हुकूम आला की अस्पृश्यांचा एक माणूस सभासद नेमावा. मी मराठी फायनल पास, जर्मनच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. कलेक्टरने मला नेमलं. म्हारवाड्यात गूळ वाटला. पहिल्या सभेला मी धुतलेला कोट घालून गेलो, तर चिटणीस दारातच उभे. म्हणाले, जागेची अडचण आहे, तुमची व्यवस्था ओसरीत केली आहे. ओसरीत उंबऱ्याला लागून एक खुर्ची होती. तिथून आतलं ऐकू येतं, हात वर केला तर दिसतो. बेकायदा काही नाही.

सहीसाठी आतलं ठरावबुक बाहेर यायचं नाही. मला एक चिठ्ठी मिळायची. तिच्यावर सही करून मी ती उंबऱ्यावर ठेवायची, वाऱ्याने उडू नये म्हणून वर खडा. मी दोन पावलं मागे सरकलो की चिटणीस ती उचलणार आणि बुकात डिंकाने चिकटवणार. आतल्या अकरांच्या सह्या कागदावर, माझी कागदावर चिकटवलेल्या कागदावर. चार वर्षं हे चाललं. चार वर्षं मी खडा शोधून ठेवत होतो. कधी कधी घरूनच खिशात घालून न्यायचो.

अध्यक्षांना गाव नाना म्हणायचं. गावातलं मोठं जिन त्यांचं. मी त्याच जिनात, गाठी बांधायच्या प्रेसवर, फिटरच्या हाताखाली कामाला. नाना मुंबईच्या कौन्सिलातही निवडून गेले होते. तिकडून आले की सभेत अर्धा तास कौन्सिलाच्याच गोष्टी. तिथे ठराव कसा येतो, उपसूचना कशी येते, सरकारी पक्षाला पेचात कसं धरतात. त्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं: "तिथं एकट्या सभासदाने मागितलं ना, तरी नावनिशीवार मतं मोजावी लागतात. कोण बाजूने, कोण विरुद्ध, छापून येतं. आपणही इथं तोच शिरस्ता ठेवला आहे." हे ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. शिरस्ता होता, वापरला कोणी नव्हता. नाना बोलले की सगळं एकमताने व्हायचं.

त्याच कौन्सिलात सार्वजनिक विहिरी, तळी, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव झाला होता. त्याची नक्कल आमच्या सभेपुढे आली. मी ओसरीत ताठ बसलो. चिटणिसांनी वाचली. नाना म्हणाले, फार चांगलं. चिटणिसांनी लिहिलं, 'वाचून दफ्तरी दाखल.' संध्याकाळी आमच्या बाया पूर्वीसारख्याच विहिरीच्या कट्ट्याखाली घडे मांडून बसल्या होत्या, वरून कोणी पाणी घालील म्हणून.

वकीलसाहेबांबद्दल सांगितलंच पाहिजे. ते सुधारक. चौकात आमच्यावर भाषण करायचे. एकदा बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. आबांचा ठराव पडला त्या दिवशी सभा संपल्यावर ते जोडे घालता घालता माझ्याजवळ थांबले. हळूच म्हणाले, माझ्या मनात होतं, पण वेळ योग्य नव्हती. मला नानांपेक्षा या माणसाचा राग जास्त आला. नानांनी निदान मनात काही ठेवलं नव्हतं.

घरी गेलो. माय चुलीपुढे बसली होती. तिला ठराव काय हे समजावून सांगितलं होतं, ती दिवसभर वाट पाहत होती. मी म्हणालो, जमलं नाही. तिने विचारलं, कोणी नको म्हटलं का. मी म्हणालो, नको कोणीच म्हटलं नाही. कोणी काहीच म्हटलं नाही. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग आमच्या अहिराणीत बोलली:

"तुना बापनी बठ्ठा गावना मुर्दा उचलात. त्यासले चार शब्द जड जयात?"

मडमेसाठी मी उभा राहिलो हे मी तिला सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी सरकारने नानांना रावसाहेब हा किताब दिला. गावात कमानी लागल्या. म्युनिसिपालिटीने अभिनंदनाचा ठराव करायचं ठरवलं. त्याची सुंदर अक्षरातली नक्कल चौकटीत घालून नानांना द्यायची, एक कलेक्टरकडे, एक मुंबईला. सूचक वकीलसाहेब. अनुमोदक म्हणून मला बोलावणं आलं. मला! वकीलसाहेबांनी त्यांच्या ओट्यापाशी बोलावलं. मी खाली, ते वर. म्हणाले, दलित वर्गाच्या मुखाने अनुमोदन आलं तर त्याला निराळीच शोभा येते, मुंबईत त्याचं वजन पडतं. माझं भाषणही त्यांनीच लिहून ठेवलं होतं. कागद ओट्याच्या कडेवर ठेवला. मी उचलला.

घरी जाऊन ठराव वाचला. तिसऱ्या ओळीवर थांबलो.

'...प्लेगच्या भयंकर साथीत गाव ओस पडले असता रावसाहेबांनी जिवावर उदार होऊन प्रेतांची व्यवस्था जातीने लावली...'

मी पुन्हा वाचलं. मग मायला वाचून दाखवलं.

त्या साली मी पिंपळनेरला मामाकडे होतो, म्हणून वाचलो. गाव शेतात झोपड्या घालून राहिलं होतं. नाना तिथेही नव्हते. ते पहिला उंदीर पडल्याबरोबर बायकामुलं घेऊन रेल्वेने नाशिकला गेले आणि साथ संपल्यावर, घरं चुन्याने पांढरी झाल्यावर आले. गावात उरले आबा आणि ती गाडी. ज्यांच्या अंगाला आबांची सावली चालत नव्हती, त्यांना त्यांनी खांद्यावर घेतलं. मेल्यावर कोणाला विटाळ झाला नाही. माझी थोरली बहीण त्याच साथीत गेली. आबांनी तिला शेवटच्या खेपेला नेलं. आधी गावाचे मुर्दे, मग घरचा. मायने हे मला एकदाच सांगितलं होतं.

मायने ऐकून घेतलं. कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला आणि परत दिला. तिला वाचता येत नव्हतं, पण चोरी कळली होती.

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. बापाचा ठराव यांनी का पाडला, ते कळलं. रावसाहेबीची खटपट तेव्हाच चालू असणार; आबांचं नाव आणि काम बुकात आलं असतं तर हे वाक्य लिहिता आलं नसतं. आणि या वाक्याला अनुमोदन कोण देणार? त्याच बापाचा पोरगा. चोराने चोरी करावी आणि घरधन्यानेच पोत्याचं तोंड बांधून द्यावं.

त्या रात्री मला झोप लागली, हे मुद्दाम सांगतो. माझं ठरलं होतं.

सभेच्या दिवशी ओसरीत हार, पेढ्यांचं ताट. वकीलसाहेबांनी ठराव मांडला, पंधरा मिनिटं बोलले. मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मी उठलो. कागद घडी करून खिशात घातला.

मी म्हणालो, माझं अनुमोदन नाही. माझी उपसूचना आहे. 'रावसाहेबांनी' हा शब्द गाळून तिथे माझ्या बापाचं नाव घालावं. बाकी वाक्य तसंच ठेवावं, ते खरं आहे.

आतला गलका मी सांगत बसत नाही. नानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि त्याच जुन्या आवाजात विचारलं, "उपसूचनेला अनुमोदक कोण?" वकीलसाहेब मान खाली घालून बसले. या वेळी चष्मा पुसायचंही सुचलं नाही त्यांना. उपसूचना पडली. ठरावाला तिघांनी एकदम अनुमोदन दिलं. चिटणीस लिहू लागले, "एकमताने मंजूर."

"नाही," मी म्हणालो. "माझी मागणी आहे. नावनिशीवार मतं घ्या. कौन्सिलात घेतात तशी."

नानांचा चेहरा मी पाहिला. तो शिरस्ता त्यांचाच. नाही म्हणता येईना. एरवी ते सभेत शुद्ध बोलायचे, त्या दिवशी घरची बोली आली.

"खुर्ची कोनी शे ती? भूली गया का?"

"खुर्ची कलेक्टरनी शे," मी म्हणालो. "उंबरा तुमना शे."

नावं पुकारली गेली. बाजूने दहा. अध्यक्ष स्वतःच्या अभिनंदनावर मत देत नाहीत, तेवढी लाज त्यांनी पाळली. विरुद्ध एक. चिटणिसांना 'एकमताने' खोडावं लागलं. वर लिहावं लागलं, 'बहुमताने', आणि खाली माझं नाव. मग त्यांनी सवयीने चिठ्ठी काढली आणि उंबऱ्यावर ठेवली.

मी चिठ्ठी उचलली नाही. उंबरा ओलांडला. पाच पावलं होती, चार वर्षांत मी मोजून ठेवली होती. टेबलाजवळचे दोघे खुर्च्या सारून उठले. मी टाक घेतला आणि बुकातच सही केली, त्या ठरावाच्या खाली, त्याच पानावर. शाई वाळेपर्यंत तिथेच थांबलो. कोणी अंगाला हात लावला नाही. लावला असता तर आंघोळ करावी लागली असती.

मागून ऐकू आलं, हे पान फाडा, बुक बाटलं. चिटणीस रडकुंडीला येऊन म्हणाले, पान फाडलं तर रावसाहेबांचा ठरावही जाईल. फाडलं नाही. अजून तिथेच आहे. मुंबईला, कलेक्टरला ज्या नकला गेल्या त्यांतही 'विरुद्ध १' गेलं. चौकट नानांच्या दिवाणखान्यात लागली नाही.

दुसऱ्या दिवशी जिनावर मुकादमाने प्रेसजवळ येऊ दिलं नाही. मुदत संपल्यावर माझी नेमणूक पुन्हा झाली नाही. ओसरीत खुर्चीवर आता दुसरा कोणी बसतो. तो खडा आणतो की नाही, ठाऊक नाही. पहिल्या सभेआधीच मी त्याला गाठून सांगितलं आहे की सही बुकात करायची असते.

सही करून घरी आलो त्या संध्याकाळी मायने विचारलं, बापाचा ठराव झाला का. मी म्हणालो, नाही झाला. आणि आता मी त्यांच्यापुढे मांडणारही नाही. ज्यांनी त्याचे हात वापरले आणि नाव चोरलं, त्यांचं दुःख मला नको. त्यांनी उद्या उभं राहून, माना खाली घालून, एकमताने ठराव केला तरी नको. पुढे त्या सभेत आमची माणसं निवडून जातील, मागून नाही, मतं मोजून. एक नाही, अनुमोदक घेऊन जातील. तोवर माझा जबाब मी म्हारवाड्यात, बाजारात, जिनाच्या फाटकाशी तोंडाने सांगतो, नावनिशीवार.

आणि एक. त्या दिवसापासून मी त्यांच्या कोणत्याही माणसासाठी उभा राहिलेलो नाही. जिवंत असो, मेलेला असो. राहणारही नाही.